स्वस्तातला सरळ आवाजाचा हेडफोन: कसा निवडायचा, कसा ऐकून बघायचा, कसा टिकवायचा

नाशिकच्या एमजी रोडवरच्या कुठल्याही मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन हेडफोन दाखवा म्हटलं की काउंटरवरचा पोरगा ज्यात बास सगळ्यात जास्त तोच आधी काढणार, डीजेचं काहीतरी लावणार आणि आपल्या तोंडाकडे बघत बसणार. दोन मिनिटं भारीच वाजतो तो, खोटं कशाला बोला. गडबड घरी आल्यावर सुरू होते, तासभर ऐकलं की कान जड होतात, गाणाऱ्याचा आवाज तबल्याच्या मागे कुठेतरी दबून जातो आणि दोन महिन्यांत आपण परत नवीन मॉडेल शोधत बसतो. दुकानातल्या टीव्हीचे रंग मुद्दाम भडक करून ठेवलेले असतात ना, तोच प्रकार.

आता ही दुसरी बाजू बघा. सेनहायझरचा एचडी ६०० आला १९९७ साली, आजही नवा मिळतो. मधल्या काळात सेनहायझरचा ग्राहकांसाठीचा धंदा २०२२ मध्ये सोनोवा या दुसऱ्या कंपनीकडे गेला तरी हे मॉडेल काही बंद झालं नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून स्टुडिओत लटकतोय, तोच निळा पट्टा, तीच गुंडाळीची वायर. ज्या बाजारात सहा महिन्यांत मॉडेल जुनं होतं तिथे हे असले हेडफोन तीस-तीस वर्षं टिकलेत, आणि ते काही जाहिरातीच्या जोरावर नाही. आवाज कुठेही फुगवलेला नाही म्हणून कंटाळा येत नाही, आणि खोलून दुरुस्त होतात म्हणून फेकावे लागत नाहीत, बास एवढंच. तर एकदाच नीट बघून घ्यायचा आणि मग विषय सोडून गाणी ऐकायची असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय.

अशा न फुगवलेल्या सरळ आवाजाला न्यूट्रल म्हणतात, आधी ते म्हणजे काय ते थोडं क्लिअर करू, कारण यात लोक फार फसतात. मोजमापाच्या ग्राफवर एकदम सपाट रेघ म्हणजे न्यूट्रल, असं नाही. आपल्या बाहेरच्या कानाची आणि कानाच्या नळीची स्वतःची एक घडण असते, स्पीकरचा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचेपर्यंत ३ किलोहर्ट्झच्या आसपास तो चांगला दहा-बारा डेसिबलने वाढतो आणि मेंदूला त्याची सवय असते. हेडफोन कानाजवळच बसतो म्हणून तो उंचवटा हेडफोनलाच द्यावा लागतो, नाही दिला तर गाणारा माणूस उशीत तोंड घालून गातोय असं वाटतं. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी साधारण २०१२-१३ पासून लोकांना बसवून यावर बरंच काम केलं, आणि त्यातून हे दिसलं की चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात तसा हेडफोन वाजला की बहुतेकांना तो आवडतो, म्हणजे खाली जरासा बास जास्त, मधे साफ, वर हळूहळू उतरता. त्याला हार्मन टार्गेट म्हणतात आणि हल्ली बऱ्याच कंपन्या तेच समोर ठेवून ट्यूनिंग करतात.

आणि पैशाचं म्हणाल तर २०१७ मध्ये जेरोन ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं आणि किमती समोरासमोर ठेवून बघितल्या, फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे खालच्या-वरच्या कुठल्या आवाजाला हेडफोन किती जोर देतो त्याचा, किमतीशी काही संबंधच निघाला नाही. महाग हेडफोन वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, बांधणी, आराम, इतर गोष्टी असतातच. पण आवाजाचा समतोल पैसे टाकून आपोआप मिळत नाही, एवढं डोक्यात ठेवून दुकानात जा.

मग निवडायचा कसा? मॉडेलच्या नावापासून सुरू करू नका, बसायच्या जागेपासून करा. ओपन हेडफोन मागून उघडे असतात, आवाज मोकळा येतो, कान घामेजत नाहीत, पण बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. रात्री साडेदहानंतर गंगापूर रोडच्या आतल्या सोसायटीत एकटे बसून ऐकणार असाल तर ओपनसारखं सुख नाही. पण खिडकीखाली सिंहस्थाच्या कामांची खोदाई चालू असेल, किंवा गणपतीच्या आधी शेजारच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव असेल (आणि नाशिक ढोलाला कुठलाही हेडफोन अडवू शकत नाही, ते सोडा) तर ओपन घेऊन काही फायदा नाही, तुम्ही व्हॉल्यूम वाढवत जाणार आणि कानाची वाट लावून घेणार. पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक असाल, रोज नाशिकरोडवरून चढणारे, तर ओपनचं नावच काढू नका, डब्यातला सगळा गोंगाट आत आणि शेजारच्या काकांना तुमची गाणी फुकट. तिथे क्लोज्ड, म्हणजे मागून बंद, किंवा सरळ कानात घालायचे आयईएम.

घरात लहान मूल असेल, दाराची बेल ऐकायची असेल, कुकरच्या शिट्ट्या मोजायची ड्यूटी तुमच्याकडे असेल तर ओपनच बरा, ही गोष्ट कोणी सांगत नाही पण फार कामाची आहे. उन्हाळ्याचंही बघा, एप्रिल-मे मध्ये दुपारी क्लोज्डचे रेग्झिनचे पॅड अर्धा तास सहन होत नाहीत. डिसेंबरात निफाडकडून गारठा यायला लागला की मात्र तेच पॅड कानटोपीचं काम करतात, तो फायदा वेगळा.

आता नावं घेतो, माझ्या आवडीनुसार, पटलं तर घ्या.

सगळ्यात कमी पैशात आयईएम. सेव्हन हर्ट्झचा सॅल्नोट्स झीरो २०२२ मध्ये २० डॉलरच्या आसपास आला आणि त्याने स्वस्त आयईएमचा बाजारच बदलला, मूनड्रॉपचा चू हाही त्याच जातीचा. हार्मनच्या जवळ जाणारा आवाज एवढ्या पैशात मिळतोय म्हटल्यावर कॉलेजच्या पोरांनी दुसरं काही बघायचंच कारण नाही, फक्त वायर निघणारं मॉडेल घ्या म्हणजे वायर गेली तर अख्खा फेकावा लागत नाही, पहिल्या चूची वायर निघत नाही, चू टू ची निघते. आयईएममध्ये कानातली रबरी टीप मापाची नसेल तर बास गायब होतो, तेव्हा आवाज पातळ वाटला की आधी टीप बदलून बघा, मग शिव्या द्या.

कॉसचा पोर्टा प्रो १९८४ चा, आणि इथे माझं मत थोडं वेगळं आहे, लोक त्याला न्यूट्रलच्या यादीत घालतात पण तो तसा नाही, बास चांगलाच वर आहे. मजेशीर आहे, हलका आहे, घ्या, पण सरळ आवाज म्हणून नका घेऊ. त्याच कंपनीचा कानाला क्लिपने अडकवायचा केएससी७५ त्यापेक्षा सरळ आहे, दिसायला अगदीच खेळण्यातला, पण आवाज ऐकून माणूस गप्प होतो.

क्लोज्डमध्ये ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स. सगळे एम५०एक्सच्या मागे असतात कारण त्यात बास जास्त आणि नाव मोठं, पण सरळ आवाज एम४०एक्सचा. सोनी ७५०६ मध्ये बारीकसारीक सगळं ऐकू येतं, डबिंग किंवा एडिटिंग करणाऱ्याला तर हवाच, पण वरचा भाग जरा धारदार आहे, 'स' आणि 'च' टोचतात, आरामात पडून गाणी ऐकायला मला तो नको वाटतो. वायर निघत नाही हाही त्याचा एक वैताग.

ओपनमध्ये पैसे कमी असतील तर फिलिप्सचा एसएचपी९५००, मिळाला तर. मोठा, हलका, मोकळा आवाज, खालचा बास कमी. आणि पैसे साठवायची तयारी असेल तर एचडी ६०० किंवा त्याचा भाऊ एचडी ६५०, जो २००३ चा. एचडी ६५० चंच एक स्वस्त रूप एचडी ६एक्सएक्स नावाने मासड्रॉप या परदेशी ऑनलाइन दुकानाने २०१६ मध्ये काढलं, ते परदेशातून मागवावं लागतं आणि कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेलं महागात पडतं. या घराण्यातल्या हेडफोनवर माणसाचा आवाज जसा येतो तसा दुप्पट-तिप्पट किमतीच्या कित्येकांवर येत नाही. उणं काय, तर ६०-७० हर्ट्झच्या खाली बास उतरत जातो, आणि नवा असताना डोकं असं काही दाबतो की विचारू नका. पट्टीचा धातूचा भाग हळूच बाहेर ओढून सैल करतात, किंवा दोन-तीन रात्री डब्यावर चढवून ठेवतात.

आता ओहमची, म्हणजे हेडफोन करंटला किती अडवतो त्या आकड्याची भानगड. दुकानदार किंवा एखादा जाणकार मित्र म्हणतो, ३०० ओहम आहे, अँप (अॅम्प्लिफायर) घेतल्याशिवाय वाजणारच नाही. थांबा. नुसत्या ओहमवरून काही ठरत नाही, एका व्होल्टला किती डेसिबल आवाज निघतो ते बघायचं. एचडी ६००-६५० एका व्होल्टला साधारण १०० डेसिबलच्या आसपास जातात आणि फोनला हेडफोन जोडायचे बरेचसे साधे टाइप-सी डॉंगल एक व्होल्ट देतातच. आपल्या ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज आणि सरासरी आवाज यात २० डेसिबलचं अंतर धरलं तरी सरासरी ८० उरते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. म्हणजे बघा, डॉंगलवरच तुम्ही मर्यादेपर्यंत पोचलात, अँपचे पैसे वाचले. खूप हळू आवाजात केलेली जुनी रेकॉर्डिंग ऐकत असाल किंवा फोनमधून आवाज कमीच येत असेल तर मग छोटा अँप घ्या, पण हेडफोनच्या आधी नाही. एक मात्र आहे, अॅपलचं डॉंगल मापात फार चांगलं आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज हळू येतो, तेव्हा अँड्रॉइडवाल्यांनी दुसरं बघावं. घरात वडिलांच्या काळचा स्टिरिओ अँप पडलेला असेल तर त्याचाही हेडफोन जॅक वापरून बघा, एचडी ६०० ला तो चालतो, फक्त असले जॅक बऱ्याचदा रेझिस्टरमधून काढलेले असतात म्हणून बास किंचित गुबगुबीत होतो. पण तोच जॅक जास्त ड्रायव्हर (आतले आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेल्या आयईएमला लावू नका, आवाजाचा तोलच बदलून जातो.

आता खरी मजा, म्हणजे ऐकून बघायचं कसं. नाशिकमध्ये असले हेडफोन डेमोला ठेवलेले फारसे सापडत नाहीत, वाद्यांच्या दुकानात स्टुडिओचे एक-दोन असतात, नाहीतर रेकॉर्डिंग करणारा कोणी ओळखीचा गाठा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारा, कोणीतरी निघतोच. जाताना स्वतःचा फोन, स्वतःचं डॉंगल आणि ऑफलाइन डाउनलोड केलेली चांगल्या क्वालिटीची पाच-सहा गाणी घेऊन जा, आणि ती गाणी तुम्हाला पाठ असलेलीच पाहिजेत, कारण नवीन गाणं भारी वाजलं तर ते गाण्यामुळे की हेडफोनमुळे हे कळत नाही.

पहिलं लावा तानपुरा. नुसता तानपुरा, पाच मिनिटं. लोक हसतात पण यापेक्षा कडक परीक्षा नाही. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर जोडीच्या तारा साधारण १३८ हर्ट्झला आणि खर्ज त्याच्या निम्म्याला, ६९ ला, पण खर्जाची गंमत ही की मूळ स्वरापेक्षा जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे, उठणारे वरचे स्वर जास्त ठळक असतात आणि ते थेट काही किलोहर्ट्झपर्यंत चढत जातात. म्हणजे एका तारेत तुम्हाला खालपासून वरपर्यंत सगळा हेडफोन तपासून मिळतो. सरळ हेडफोनवर तार छेडल्यावर ते वरचे स्वर एकामागोमाग एक उलगडताना ऐकू येतात. बास फुगवलेला असेल तर नुसतं घुं घुं होतं आणि जवारी त्यात बुडते. ट्रेबल वर काढलेला असेल तर जवारीचं सुळसुळ वाजायला लागतं, पहिल्यांदा ते डिटेल वाटतं, दहा मिनिटांनी डोकं उठतं.

मग तबला. बाया (डग्गा) आणि दाया (उजवा तबला) दोन्हीकडे लक्ष द्या. बायावर तळवा सरकवून घे काढली की स्वर खालून वर चढतो, तो चढताना आवाजाची जाडी एकसारखी राहिली पाहिजे, एखाद्या ठिकाणी अचानक फुगला तर तिथे हेडफोनला उंचवटा आहे. दाया स्वरात ऐकू आला पाहिजे, नुसता टक टक नाही. त्यानंतर माणसाचा आवाज, एक भारदस्त पुरुष आवाज आणि एक बाईचा. पुरुषाचा आवाज घोगरा, छातीतून जास्तच येतोय असं वाटलं तर २०० हर्ट्झच्या आसपास गडबड आहे. बाईचा आवाज तार सप्तकात गेल्यावर किंचाळल्यासारखा झाला तर ३ किलोहर्ट्झच्या वर काहीतरी जास्त आहे.

पन्नासच्या दशकातलं एखादं जुनं मोनो गाणं नक्की ठेवा. मोनोत दोन्ही कानात एकच आवाज असतो म्हणून गाणारा बरोबर डोक्याच्या मधोमध उभा राहिला पाहिजे, जरा डावी-उजवीकडे सरकला तर दोन ड्रायव्हर सारखे नाहीत, किंवा एका बाजूचा पॅड नीट बसलेला नाही. शेवटी भजनाचं लाइव्ह रेकॉर्डिंग, टाळ, पखवाज, हार्मोनियम आणि मागे दहा-पंधरा लोकांचा कोरस असलेलं. टाळ अंगावर येता कामा नये आणि कोरस म्हणजे एकच गोळा होता कामा नये. या सगळ्यात साउंडस्टेज, लेयरिंग असल्या शब्दांच्या नादी लागू नका, ते नंतरचे चोचले.

दोन हेडफोन समोरासमोर ऐकत असाल तर व्हॉल्यूम सारखा करून घेणं हेच निम्मं काम आहे. एखादा डेसिबल जास्त वाजणारा हेडफोन चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे, बड्या बड्यांना फसवतो. पिंक नॉइज, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळे आवाज एकत्र असलेली सळसळ, लावा, आलटून पालटून घाला, ती दोन्हीवर सारखीच मोठी वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवा आणि मगच ठरवा. आणि चष्मा लावता ना? मग चष्म्यासकटच ऐका, काडीमुळे क्लोज्ड हेडफोनच्या पॅडला फट पडते आणि बास निघून जातो, कानातल्या मोठ्या कुड्यांनीही तेच होतं.

घरी आणल्यावर पहिले दोन-चार दिवस तो फिका वाटणार, हे धरूनच चला. भडक आवाजाची सवय मोडायला वेळ लागतो. शंभर तास बर्न-इन करा, म्हणजे नुसता वाजवत ठेवा, वगैरे सांगणारे भेटतील, पॅड थोडे दबतात आणि आपला मेंदू रुळतो, त्यापलीकडे त्यात मला काही दिसत नाही. आठवडाभर फक्त हाच वापरा आणि मग जुना बासवाला दहा मिनिटं लावून बघा, काय ते कळेल.

तरीही बास कमी वाटला तर नवीन हेडफोन नको, इक्वलायझर वापरा. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अॅप आहे, त्यात ऑटोइक्यू प्रकल्पाच्या तयार सेटिंग आहेत, आपलं मॉडेल निवडायचं, झालं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. फक्त जेवढे डेसिबल कुठे वाढवाल तेवढा प्रीअँप, म्हणजे त्यातला एकूण आवाजाचा स्लायडर, खाली घ्या, नाहीतर मोठ्या आवाजाला फाटल्यासारखं येतं. सरळ हेडफोनचा फायदा इथेही दिसतो, दोन-तीन डेसिबलमध्ये काम भागतं.

टिकवण्याचं सांगायचं तर आपल्याकडे हेडफोनचा शत्रू नंबर एक म्हणजे खोबरेल तेल. डोक्याला तेल लावून रेग्झिनचे पॅड घातले की वर्ष-दोन वर्षांत ते पापुद्रे सोडायला लागतात आणि कानाला काळे तुकडे चिकटतात. तेल लावल्या दिवशी आयईएम वापरा. मखमली पॅड हलक्या ओल्या कापडाने पुसायचे, सावलीत वाळवायचे. पॅडमधला फोम बसला की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाजच बदलतो, लोकांना वाटतं हेडफोन खराब झाला, खरं तर नवे पॅड लावले की तो परत पहिल्यासारखा. शक्यतो कंपनीचेच पॅड घ्या, स्वस्त कॉपीचा फोम आणि जाडी वेगळी असते, न्यूट्रल घेतलेला हेडफोन भलताच काहीतरी होऊन बसतो. एचडी ६०० ची वायर, पॅड, पट्टीची गादी, ड्रायव्हरसुद्धा स्क्रूड्रायव्हरशिवाय हाताने निघतात आणि सुटे मिळतात, म्हणूनच वीस-वीस वर्षांचे जुने पीस अजून वाजतायत. ब्लूटूथवाल्याची बॅटरी बसली की बहुतेक वेळा सगळंच संपतं.

म्हणून असले हेडफोन सेकंडहँड घ्यायलाही हरकत नाही, फक्त बघून घ्या. किंमत नव्याच्या पाव असेल आणि माल सीलपॅक असेल तर तो डुप्लिकेट समजा, ७५०६ आणि सेनहायझरच्या नकला भरपूर फिरतात. भेटायला गेलात की फोनवर २० हर्ट्झपासून वर चढणारा साइन स्वीप, म्हणजे एकच सलग स्वर, लावा आणि हळू आवाजात ऐका, मधेच कुठे खरखर आली तर घाबरू नका, ओपन हेडफोनमध्ये जाळीतून केस आत शिरून ड्रायव्हरच्या पडद्याला टेकतो, तो काढला की बऱ्याचदा खरखर जाते. एका बाजूचा आवाजच कमी असेल तर वायरची डावी-उजवी टोकं अदलाबदल करून बघा, कमी आवाज दुसऱ्या कानात गेला तर वायरचा दोष, दोनशे रुपये कमी करून घ्या, तिथेच राहिला तर ड्रायव्हरचा, मग भाव निम्म्यावर आणा नाहीतर नमस्कार करून निघा.